मैनेचे केस

सदर, नागपूर
६ एप्रिल १९७१

श्रावण,

"बाई, मी मोठा झालो का कोणालेच नाही मारणार."

हे तू मला, तुझ्या थोरल्या बहिणीला, म्हणालास तेव्हा तुझा उजवा डोळा सुजून बंद झाला होता आणि बोलता बोलता ओठाच्या फाटलेल्या कडेतून रक्त येत होतं. तू मागाच्या खड्ड्यात, पायानं दाबायच्या पावड्यांच्या मागे, अंग चोरून बसला होतास. लुगड्याच्या काठात तुझ्या हातून चूक झाली होती आणि बाबांनी तुला खड्ड्यातच तुडवलं होतं. मी वरून हात घालून माझी बाहुली तुला दिली. एरवी तू त्या बाहुलीची टर उडवायचास. त्या दिवशी ती पोटाशी धरलीस, आणि पुढे आई हळद लावायला आली की म्हणायचास, आधी हिच्या डोळ्याले लाव. तिला लावून झाली की मगच तुझा डोळा पुढे करायचास.

तुला हे आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला आज दिवसभर तेवढंच आठवत होतं.

तुझी जया वाचेल. हे आधी लिहायला हवं होतं. कानाच्या वर टाके घातले आहेत. डाव्या कोपराच्या वर हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं, ते बसवलं. बाकी हात पलस्तरात आहे, पण जिथून हाड बाहेर आलं ती जखम उघडी ठेवली आहे, ती रोज धुवावी लागते. बोटं निळी होती, आता जरा रंग आला आहे. हात राहील म्हणतात. सरळ होईल की नाही ते सांगत नाहीत.

जयाच्या आईनं, मनकर्णानं, डॉक्टरांना सांगितलं की पोरगी मागाच्या खड्ड्यात पडली. जयालाही विचारलं. पाठ केलेली कविता म्हणावी तशी ती म्हणाली, "मी खड्ड्यात पडली." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जयाची चादर सारखी करत राहिले. पण श्रावण, कानाच्या वरची ती जखम मला ओळखता येते. बाणा विणायच्या धोट्याच्या लोखंडी टोकाची तशीच खूण माझ्या खांद्यावर आहे. तूही ती पाहिली आहेस.

जखम धुण्याचं काम मी लिहून सांगू शकत नाही, तरी लिहिते. तिला चौघं धरतात. दोघं पाय, एक डोकं, एक चांगला हात. शोभाताई म्हणून नर्स आहेत, हाताच्या हलक्या, पण चिकटलेली पट्टी निघताना मांस सुटून येतंच. जया ओरडत नाही. आधी ती लाकडासारखी ताठ होते, मग एकदम उसळते. काल तिनं जनाबाई आयाच्या मनगटाचा लचका तोडला. जनाबाई पदरानं रक्त पुसत म्हणाली, "पोरगी हाये का मांजर? दवाखान्यात मी बाकीच्याईले इंजेक्शन देताना धरतो, आता मलेच द्यावं लागते." वॉर्डातले सगळे हसले. जया हसली नाही. ती एकच गोष्ट मागते, मैना.

मैना म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी मी केलेली चिंध्यांची बाहुली. तिची ती टकली बाहुली तू पाहिली असशील. उमरेडहून कोणी येत असेल त्याच्याबरोबर पाठव. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही.

प्रेमिला


११ एप्रिल

श्रावण,

मनकर्णा आली. पिशवीत भाकरी होत्या, झुणका होता, मैना नव्हती. मी विचारलं तर ती वॉर्डाबाहेर जाऊन पायरीवर बसली. उन्हानं पायरी तापली होती, तरी उठेना. मग तिनं सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. चिडलास तर मला कळेलच, पुढच्या वेळी ती येईल तेव्हा तिच्या अंगावर दिसेल.

आता मलाही ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक असावं म्हणून लिहिते.

आपल्या घरात लुगडं मागावरून उतरलं की ताण्याच्या उभ्या धाग्यांच्या पार टोकाला जी वीतभर दशी उरते, जी विणता येत नाही, ती घरातल्या पोरीची. आजीच्या वेळेपासून असंच आहे. माझ्या बाहुलीचे केस त्याच दशीचे होते, बाबांसारख्या माणसानंही त्यावर कधी हात ठेवला नाही. संक्रांतीला मी आले तेव्हा जयानं विचारलं की मैनेले केस कधी येतील. मी म्हटलं, हे लुगडं झालं की दशी तुझी. तिच्यासमोर तूही मान डोलावलीस. हसलाही होतास.

लुगडं थोडंच राहिलं होतं. तू मागावरून उठून गुलाबचंद शेठच्या माणसाशी बोलायला बाहेर गेलास. लग्नसराईचा माल, तो ओसरीवर ओरडत होता की आजच पाहिजे. सात वर्षांच्या पोरीला वाटलं, बाबा उठले म्हणजे लुगडं झालं. तिनं कात्री घेतली आणि मागच्या खुंट्याजवळून आपली दशी कापून घेतली.

पुढचं मला मनकर्णानं सांगायची गरज नव्हती. मी त्या घरात वाढले आहे. ताण सुटतो, सगळा ताणा एकदम ढिला पडतो, धागे फणीतून निसटत जातात. तू आत आलास. आधी धोटा फेकलास. मग ताण धरणारा दांडा उपसलास. तिनं डावा हात वर केला, म्हणून डोकं वाचलं. पहिल्या वाराला हाड मोडलं, हे मनकर्णानं ऐकलं. ती म्हणाली, वाळली काडी मोडावी तसा आवाज आला. तरीही तू थांबला नाहीस. "काहून कापलं? बोल. काहून कापलं?" पोरगी काय बोलणार होती? ती खड्ड्यात पडली ते खरंच आहे, पण तुझ्या लाथेनं पडली.

आणि मग, तिला बैलगाडीत घालून बसच्या थांब्यावर नेलं तेव्हा तू गेला नाहीस. तू मैना शोधलीस. जयानं तिच्या डोक्यात ते धागे अर्धे ओवले होते. तू सुरीनं मैनेचं डोकं उसवलंस, एकेक धागा बाहेर ओढलास आणि एकेक ताण्याला गाठ मारून सांधलास. लुगडं पुरं केलंस. शेठचा माणूस घेऊन गेला. मैनेच्या चिंध्या चुलीत गेल्या.

ते लुगडं कोणीतरी नवरी नेसली असेल. पदराच्या आतल्या टोकाला गाठीच गाठी असतील.

मी इथे मुद्दाम सगळं सविस्तर लिहिलं आहे. तू वाचताना मध्येच पत्र ठेवून देशील. पुन्हा उचल.

प्रेमिला


१९ एप्रिल

श्रावण,

तुझं उत्तर नाही. मनकर्णाकडून निरोप मात्र मिळाला, की हात बांधला आहे तर मग पोरगी तिथे काय करून राहिली, घरी आणा, सुताच्या कांड्या भरायला एक हात पुरतो. हा निरोप मी डॉक्टरांना दिलेला नाही.

मी नवी बाहुली केली. शाळेत शिकवून आल्यावर माझं जुनं पातळ फाडलं, शोभाताईंनी कापूस दिला. दशी कुठून आणणार? मी माझे केस कापून लावले. त्यातले काही पांढरे आहेत. जनाबाई म्हणाली, "ही बाहुली नाही, बाहुलीची सासू हाये."

जयानं ती हातात घेतली नाही. उशीला टेकवून ठेवली आणि दोन दिवस नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी, शाळेतून मी पोचले तेव्हा, वॉर्डात कोणी बोलत नव्हतं. शेजारच्या खाटेवर काटोलच्या गोविंदा संत्रेवाल्याची भाजलेली मुलगी आहे, ती सतत कण्हत असते, ती पण गप्प होती. जया बाहुलीला मारत होती.

चमच्यानं मारत होती. आधी डोक्यात, मग हातावर, पुन्हा त्याच जागी, पुन्हा त्याच जागी. आणि बोलत होती. आवाज तिचा नव्हता. मी दारातच थांबले. मला वाटलं बाबा आत आहेत. मग कळलं की तो तुझा आवाज आहे. "काहून कापलं वं? बोल. तोंड हाये का नाही? काहून कापलं?" बाहुलीचा हात खांद्यापासून फाटून लोंबायला लागला तेव्हा तिनं तिला खाटेखाली टाकलं आणि पायानं ढकललं.

मी धावत जाणार होते. शोभाताईंनी माझा दंड धरला. "थांबा," एवढंच त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं जया वाकली. एका हातानं, पलस्तर सांभाळत, तिनं बाहुली खाटेखालून ओढून घेतली. तिला मांडीवर घेतलं आणि शोभाताईंना म्हणाली, "हिचा हात मोडला. बांधून द्या. ही खड्ड्यात नाही पडली."

श्रावण, पोरीनं तुझं नाव घेतलं नाही. तेवढंच बोलली.

त्या दिवसापासून जखम धुण्याची रीत बदलली. आधी बाहुलीची पट्टी सोडायची. जया स्वतः सोडते, दातांनी गाठ ओढते. मग औषधाचा बोळा बाहुलीच्या हाताला लावायचा. त्या वेळी ती तिला सांगते, आता झोंबीन, आता संपलं, आता पुन्हा झोंबीन. मग नवी पट्टी. मगच ती आपला हात शोभाताईंच्या मांडीवर ठेवते. आता तिला कोणी धरत नाही. ती बाहुलीला धरते, इतकी घट्ट की नखं कापडात शिरतात, आणि घाम गळतो, पण हात हलू देत नाही. जनाबाई लांब उभी राहून स्वतःचं मनगट चोळते आणि म्हणते, चला, आपली नोकरी गेली.

ही रीत मी शिकवली नाही. कोणीच शिकवली नाही. ती मी याआधी फक्त आपल्या घरी पाहिली होती, हळदीच्या वाटीपुढे.

पण धुवून झालं, संध्याकाळचा चहा आला, की ती चमचा उचलते आणि बाहुलीला पुन्हा मारते. रोज. बांधलेल्या हातावरच.

तिला मी इतक्यात तुझ्याकडे पाठवणार नाही. पाठवावी अशी जागा ती नाही.

प्रेमिला


२७ एप्रिल

श्रावण,

पाठ टेकवता येत नाही म्हणून बसून लिहिते आहे. खाटेच्या लोखंडी कडेवर आदळले तिथे काळंनिळं झालं आहे. तुझं डोकं कसं आहे? गोविंदानं पितळी डब्यानं मारलं तेव्हा मला तुझी कवटी फुटली असंच वाटलं.

जे झालं ते मला लिहायचं आहे, कारण तू तिथून गेलास तेव्हा तुला काही दिसत नव्हतं.

तू दारात आलास तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं नाही लिहीत. अंगात धुतलेला सदरा होता, भांग पाडलेला होता आणि हातात कागदात गुंडाळलेली ती बाजारातली बाहुली. गुलाबी, डोळे मिटणारी. तू आल्या आल्या म्हणालास, "पाह्य वं, आडवी केली का झोपते." माझ्या मनात आलं, हा माझा भाऊ आहे. खड्ड्यातला.

जयानं ती घेतली. आडवी केली, उभी केली, आडवी केली. तू हसत होतास. मग तिनं तिला माझ्या बाहुलीशेजारी बसवलं, चमचा घेतला आणि तुझ्यासमोर, तुझ्याच आवाजात सुरू झाली. "काहून कापलं? बोल." चमच्यानं प्लास्टिकला काही होईना म्हणून तिनं तिचा पाय धरला आणि खाटेच्या लोखंडावर आपटली. एक हात निखळून वॉर्डाच्या फरशीवर गडगडत गेला. कोणाच्या तरी चपलेशी जाऊन थांबला.

तू पांढराफटक पडलास. तेवढ्यावर तू बाहेर गेला असतास तर.

"कोणं शिकवलं हिले? बाई, तू शिकवलं." आणि तू माझी बाहुली हिसकलीस. जयानं तिचा एक पाय सोडला नाही. कापड मध्ये फाटलं, कापूस तुमच्या दोघांच्या अंगावर उडाला. मग तू तिचा हात धरलास. डावा हात धरलास, श्रावण. पलस्तराला धरून तू तिला खाटेवरून ओढलंस. "चाल घरी. चाल म्हणतो न." ती ओरडली. इथे आल्यापासून पहिल्यांदा ओरडली. मी मध्ये आले तर तू मला छातीवर ढकललंस. मी पडताना पाहिलं की पट्टीतून रक्त वर येतं आहे.

त्यानंतर ते सगळे तुझ्यावर आले. गोविंदा, वॉर्डबॉय, दोघं कोणाचे तरी मामे. डब्यानं, चपलेनं, लाथांनी. तू एकदाही हात उचलला नाहीस. भिंतीशी खाली बसलास आणि अंग चोरलंस, अगदी तसाच, गुडघे पोटाशी घेऊन. मी चाळीस वर्षांची बाई, मला त्या क्षणी तुला मारणाऱ्यांना फाडून काढावंसं वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं, मारा, आणखी मारा. दोन्ही खरं आहे.

जया मध्ये घुसली. रक्ताळलेला हात तसाच घेऊन ती गोविंदाच्या पायाला लटकली. "माह्या बाबाले मारू नका. मीच कापलं. मीच कापलं, त्याईचा काही दोष नाही."

तेव्हा ते थांबले.

तू उठलास, भिंत धरून गेलास. बाहुलीचा अर्धा भाग तुझ्या मुठीत राहिला. तुला माहीत नव्हतं, पण मी पाहिलं.

जयाच्या हाताची जखम पुन्हा साफ करून पलस्तर नव्यानं घालावं लागलं. बाहुली अर्धी, म्हणून पहिली पट्टी कोणाला बांधायची हा प्रश्न होता. तिनं अर्ध्याच बाहुलीला बांधली.

प्रेमिला


८ मे

श्रावण,

मी डॉक्टरांना खरं सांगितलं. पोलीस चौकीचा जमादार वॉर्डात आला, मी त्यालाही सांगितलं. मनकर्णा माझ्या शेजारी उभी होती. तिला विचारलं, तर तिनं नुसती होकाराची मान हलवली. मग तिला म्हटलं, माझ्याकडे राहा. ती म्हणाली, "मी तिकडंच राहीन, बाई. पोरगी इथं राहू द्या." मला तिचं उत्तर कळलं नाही, आणि कळलंही.

जमादार उमरेडला येईल. बहिणीनं भावाला बांधून दिलं असं गावात म्हणतील. तूही म्हणशील. म्हण.

जया आता माझ्याकडे आहे, सदरच्या खोलीत. हात कोपरात वाकडा राहणार. उन्हाळा संपला की शाळेत घालते आहे, माझ्याच शाळेत. अर्धी बाहुली बरोबर आणली. तिचा फाटका भाग मी शिवायला घेतला तर तिनं शिवू दिला नाही. बाकीची बाबाजवळ हाये, म्हणाली.

मनकर्णा सांगते की ती बाकीची तू मागाच्या खड्ड्यात ठेवली आहेस, बसायच्या पाटाखाली. टाकून दिली नाहीस. आणि तू हल्ली खड्ड्यात उतरून बसतोस पण धोटा हलत नाही.

जखम भरली, आता धुवायची नसते. खाते, झोपते. खिडकीत येणाऱ्या चिमणीशी भांडते. पण संध्याकाळी चहा झाला की चमचा शोधते. मी चमचे लपवले, तर चपलेनं मारते. मी बाहुली मागितली तर देत नाही. "काहून कापलं? बोल." परवा मी न राहवून बाहुलीच्या वतीनं बोलले, माझी दशी होती म्हणून कापलं. जयानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिल्यावर पोरं पाहतात. म्हणाली, "आत्या, तुले काय माहीत. बाबा म्हणत असन तर तिचीच चुकी."

मी तिला रोज सांगते की चूक तिची नव्हती. शोभाताईंनी सांगितलं. ती ऐकून घेते. आमच्या सांगण्याला तिच्यालेखी काही किंमत नाही. ज्यानं विचारलं होतं त्यानंच सांगितलं तर कदाचित असेल. नाही सांगितलंस तर ती ते मारणं आयुष्यभर सांभाळेल, आणि एक दिवस समोर बाहुली नसेल. तू याच वाटेनं गेलास, हे मला लिहावं लागतं आहे.

तिला परत माग असं मी म्हणत नाही. ती तुला मी देणार नाही. माफी माग असंही नाही, ती माझ्याकडे मागायची नाही, आणि तिच्याकडे मागितलीस तर ती घाबरेल.

तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी जमादाराला नाव दिल्यावर तर नाहीच. हे पत्र तू फोडशील की नाही याचीही खात्री नाही. तरी लिहिते. एका दुपारी ये. आत येऊ नकोस, दारातच उभा राहा, हात मागे बांधून. पाटाखालचा तो अर्धा तुकडा उंबऱ्यावर ठेव. आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एकदाच, सांग की दशी तिची होती.

प्रेमिला